इंदूरमधून यूपीएससी : नोकरी सोडू का? आणि भाषेच्या पेपरला मराठी घेऊ की हिंदी?

राजेंद्रनगर_इंदूर :

नमस्कार. मी इंदूरची, वय २४. कॉम्प्युटरमध्ये बी.ई. केलं आणि आता सुपर कॉरिडॉरवरच्या एका आयटी कंपनीत आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून यूपीएससीचं डोक्यात आहे. पुस्तकं घेतली आहेत, राज्यघटना आणि आधुनिक इतिहास एकदा वाचून झाला आहे, पण ऑफिसमधून घरी यायला आठ वाजतात. मग जेवण, आणि तासाभरात डोळे मिटायला लागतात. एकदा वाटतं राजीनामा द्यावा आणि भंवरकुआंच्या, म्हणजे इथल्या कोचिंगच्या भागातल्या, एखाद्या अभ्यासिकेत दिवसभर बसावं. माझ्या दोन मैत्रिणी तर दिल्लीला गेल्यासुद्धा.

दुसरी अडचण भाषेची. घरात मराठीच बोलतो, पण माझी शाळा सीबीएसई, इंग्रजी माध्यमाची, दुसरी भाषा हिंदी. मराठी नीट वाचता येतं, इथल्या सानंद संस्थेची मराठी नाटकं लहानपणापासून पाहत आले आहे. पण सलग दोन पानं मराठीत लिहायची वेळ कधी आलेली नाही. आजोबांचा आग्रह आहे की मुख्य परीक्षेत मराठी घ्यायची. ते मराठीचे शिक्षक होते, मी शिकवीन म्हणतात. त्यांना नाही म्हणणं मला जड जातंय.

आणि बाबांचं म्हणणं, एमपीपीएससीचं, म्हणजे मध्यप्रदेश लोकसेवा आयोगाचं, ऑफिस आपल्याच गावात आहे, तीच दे, घरापासून लांब जायला नको.

इथे कोणी इंदूरहून किंवा ग्वाल्हेरहून हे केलं असेल तर कृपया सांगा.

माळवा_तहसील :

ताई, मी लोकमान्य नगरात वाढलो. एमपीपीएससीतून नायब तहसीलदार झालो, आता माळव्यातल्या एका तहसिलीत तहसीलदार आहे. यूपीएससीची मुलाखतही दिली आहे, अंतिम यादीत नाव आलं नाही. दोन्हीकडचं पाहिलेलं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राजीनाम्याचा विचार करण्याआधी एका मंगळवारी अर्धा दिवस सुट्टी काढ आणि मोती तबेल्याला कलेक्टोरेटमध्ये जनसुनवाईला, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायच्या बैठकीला, जाऊन बस. मध्यप्रदेशात ती दर मंगळवारी असते, कोणालाही जाता येतं. मागच्या भिंतीशी उभी राहा आणि कोण काय घेऊन येतं ते ऐक. नंतर जमलं तर सांवेर किंवा देपालपूरच्या तहसील कार्यालयात एक सकाळ काढ. तयारी करणाऱ्या मुलामुलींना मी हे नेहमी सांगतो, कारण पद सगळ्यांना माहीत असतं, काम फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. परीक्षेत तुझी चार-पाच वर्षं जातील. नोकरीत तीस-पस्तीस जातील.

माझ्याकडची नेहमीची गोष्ट सांगतो. फौती नामांतरण, म्हणजे खातेदार वारला की जमिनीवर वारसांची नावं चढवायची. कागदावर यापेक्षा सोपं काम नाही. अर्ज येतो, इश्तहार म्हणजे जाहीर नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते, पटवाऱ्याचा म्हणजे तलाठ्याचा अहवाल येतो, आदेश होतो, खसऱ्यात म्हणजे जमिनीच्या नोंदवहीत नोंद होते. भू-राजस्व संहितेची १०९ आणि ११० ही दोन कलमं, बस. आता माझ्यासमोर तीन भाऊ उभे आहेत. हातात मृत्यूचा दाखला, बी-१ म्हणजे खात्याच्या उताऱ्याची नक्कल, आणि सजरा खानदान म्हणजे वंशावळ. त्यात बापाखाली तीन मुलगे लिहिलेत, खाली सरपंचाची सही-शिक्का. सगळं बरोबर दिसतं. मी विचारतो, बहिणी किती? तिघंही गप्प. मग धाकटा सांगतो, दोघी आहेत साहेब, पण लग्नं झाली त्यांची, त्यांना काही नको. नको असेल तर त्यांनी इथे येऊन सांगावं, असं मी म्हटलं की सरपंचाचा फोन येतो, मग आणखी कोणाचा तरी येतो. वंशावळ परत जाते, नवीन बनून येते, दोघींना नोटीस निघते.

एकदा अशीच एक बहीण आली. नवऱ्याबरोबर नाही, एकटी आली होती. तिने कागदावर बोट ठेवून विचारलं, यात माझं नाव कुठे आहे ते दाखवा. तिला वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट धरून त्या ओळीवर नेलं. तिने ते अक्षर नुसतं बघितलं, दोनदा बघितलं आणि म्हणाली, आता राहू द्या हे असंच.

२००५च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलींना बरोबरीचा हक्क मिळाला, हे तू सामान्य अध्ययनाच्या पेपरसाठी पाठ करशीलच. तो हक्क खसऱ्यात उतरतो की नाही, हे एका खोलीत, एका टेबलापाशी ठरतं. असल्या टेबलापाशी रोज बसायला तुला आवडेल का? त्याच दिवशी गहू उपार्जनाची म्हणजे सरकारी खरेदीची बैठक असते, सीएम हेल्पलाइनच्या तक्रारींची मुदत संपत आलेली असते, आणि एका गावात सीमांकनावरून म्हणजे जमिनीच्या मोजणीवरून लाठ्या निघालेल्या असतात. उत्तर हो असेल तर बाकीचं सगळं जमवता येतं. आयएएस झालीस तरी सुरुवातीची वर्षं याच फायलींच्या आसपास जातात, फक्त खुर्ची वरची.

दुसरी बाजूही बघून ठेव. यूपीएससी म्हणजे एक नोकरी नाही. २०२४च्या परीक्षेला ९,९२,५९९ जणांनी अर्ज केले, ५,८३,२१३ जण प्रत्यक्ष बसले, मुख्य परीक्षेला १४,६२७ पात्र ठरले, मुलाखतीला २,८४५ आणि अंतिम यादीत १,००९. त्यातल्या आयएएसच्या जागा १८०च्या घरातल्या. म्हणजे यादीत नाव येऊनही बहुतेकांना दुसरी सेवा मिळते. आयकर विभाग मिळाला तर प्रशिक्षण नागपूरला, लेखापरीक्षण मिळालं तर शिमल्याला, पोलीस मिळालं तर हैदराबादला. तिथलं काम पूर्ण वेगळं. आयकरात किंवा लेखापरीक्षणात असलेल्या एखाद्या अधिकाऱ्याशी अर्धा तास बोलता आलं तर जरूर बोल. त्या सेवांना लोक उगाच दुय्यम मानतात. मला ते अजिबात पटत नाही.

आता नोकरी. आत्ता सोडू नकोस.

या परीक्षेचं वेळापत्रक नीट बघ. २०२४ची पूर्व परीक्षा १६ जूनला झाली, मुख्य परीक्षा २० सप्टेंबरपासून, अंतिम निकाल २२ एप्रिल २०२५ला. आणि २०२५ची पूर्व परीक्षा २५ मेला. म्हणजे मुलाखतीपर्यंत जाऊन ज्याचं नाव आलं नाही, त्याला पुन्हा पहिल्या पायरीवर बसायला जेमतेम महिना मिळाला. पूर्व परीक्षेचे गुण पुढे धरले जात नाहीत, दरवर्षी कोरी पाटी. खुल्या वर्गाला सहा संधी आणि वय ३२पर्यंत, ओबीसीला नऊ आणि ३५, एससी-एसटीला ३७ वयापर्यंत संधींची मर्यादा नाही. पूर्व परीक्षेच्या एका पेपरला जरी बसलीस तरी संधी मोजली जाते. नुसता अर्ज भरला आणि गेली नाहीस तर मोजली जात नाही. म्हणून ‘अनुभवासाठी देऊन बघू’ हे माझ्या मते महागात पडतं.

त्याऐवजी घरी कर. पूर्व परीक्षेचे मागच्या तीन वर्षांचे दोन्ही पेपर आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत. रविवारी सकाळी साडेनऊला पहिला, दुपारी अडीचला दुसरा, फोन आईकडे देऊन, घड्याळ लावून सोडव. चुकलेल्या उत्तराचे एक तृतीयांश गुण प्रामाणिकपणे कापून घे. २०२४ला पहिल्या पेपरचा खुल्या वर्गाचा कटऑफ २००पैकी ८७.९८ होता. इंजिनिअर असलीस तरी दुसरा पेपर, म्हणजे सीसॅट, हलक्यात घेऊ नकोस. तिथे ३३ टक्के लागतात आणि ते न मिळाल्यामुळे पहिल्या पेपरात उत्तम गुण असलेली मुलं घरी बसलेली मी पाहिली आहेत. घरच्या घरी पहिला पेपर ८०च्या आसपास यायला लागला की सुट्टीचा विचार कर. नोकरी सांभाळून पूर्व परीक्षेपर्यंत येता येतं, पहाटेचे दोन तास आणि शनिवार-रविवार पक्के धरलेस तर. रात्री आठनंतर वाचायचा हट्ट सोड, झोप आणि पहाटे उठ. नोकरीबरोबर खरंच जमत नाही ते पूर्व ते मुख्य मधले तीन महिने, कारण तेव्हा रोज हाताने लिहायचं असतं. तेवढ्यासाठी बिनपगारी रजा मिळते का, ते आजच एचआरला विचारून ठेव.

भाषेबद्दल तुझ्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. घरोघरी तशाच होतात.

पहिली, पेपर ‘अ’, भारतीय भाषा. ३०० गुणांचा, फक्त पात्रतेसाठी, २५ टक्के म्हणजे ७५ गुण हवेत. आठव्या अनुसूचीतली कोणतीही एक भाषा घेता येते. निबंध, उतारा, सारांश, भाषांतर, व्याकरण, सगळं त्या भाषेत हाताने लिहायचं. हा पेपर किंवा इंग्रजीचा पात्रता पेपर हुकला तर बाकीच्या सात पेपरांचे गुण धरलेच जात नाहीत, वर्ष गेलं. तू दहावीपर्यंत हिंदी लिहिली आहेस, मराठी लिहिलेली नाहीस. हिंदी घे. आजोबांचा मान राखायची ही जागा नाही, असं मला स्पष्ट वाटतं.

दुसरी, उत्तरांचं माध्यम. निबंध आणि सामान्य अध्ययन मराठीतही लिहिता येतं, पण प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच असते. तुझं सगळं शिक्षण आणि वाचन इंग्रजीत, तर माध्यम इंग्रजी ठेव.

तिसरी, वैकल्पिक विषय म्हणून मराठी साहित्य. इंग्रजी माध्यम ठेवूनही हा विषय घेता येतो, मात्र ते दोन पेपर मराठीत लिहावे लागतात. दोन्ही मिळून ५०० गुण. यावर ज्यांनी घेतलाय त्यांनी बोलावं.

आणि बाबांना हे सांग की एमपीपीएससी ही यूपीएससीची धाकटी बहीण नाही. तिथे मध्यप्रदेशचा इतिहास, भूगोल, जनजाती हे खोलात जाऊन विचारतात, मुख्य परीक्षेत हिंदीचं वजन मोठं आहे, आणि गेली काही वर्षं ओबीसी आरक्षणाच्या कोर्टातल्या वादामुळे निकाल ८७ आणि १३ टक्के अशा दोन भागांत लागतात, त्यातले १३ टक्क्यांचे अडकून पडतात. ऑफिस इंदूरच्या रेसिडेन्सी भागात असल्याने काही जवळ येत नाही. पहिली पोस्टिंग झाबुआ, डिंडोरी, कुठेही होऊ शकते. मी दोन्ही परीक्षा एकत्र दिल्या त्या सामाईक अभ्यास बराच आहे म्हणून, आणि मला काम तहसिलीचंच हवं होतं म्हणून. डिप्टी कलेक्टर म्हणून लागलं तर पुढे बढतीने आयएएसही होता येतं.

पोळा_ग्वाल्हेर :

माझं माहेर ग्वाल्हेरचं, आता नोकरीनिमित्त पुण्यात आहे. मी मराठी साहित्य घेऊन मुख्य परीक्षा लिहिली होती, म्हणून तेवढंच सांगते.

विषय सुंदर आहे. पण नाटकं पाहिली आणि कथा-कादंबऱ्या वाचल्या एवढ्यावर तो निघत नाही. पहिल्या पेपरात भाषेचा इतिहास, बोली, व्याकरण, लोकसाहित्य, महानुभावांपासूनचा वाङ्मयेतिहास आणि समीक्षा. दुसऱ्यात नेमलेली पुस्तकं, त्यात जुन्या मराठीतलं गद्यही आहे. मी बी.ए. मराठीतूनच केलं होतं तरी यादवकालीन भाषेच्या विशेषांपाशी अडकायचे. तीन तासांत मराठीत वीसएक पानं लिहायची सवय हाताला नसेल तर उत्तर येत असूनही अर्धं राहतं. इंदूरमध्ये या विषयाचा वर्ग मला तरी माहीत नाही, पुस्तकं मात्र तिकडच्या मराठी संस्थांच्या ग्रंथालयांत मिळतील.

एक करून बघ. आजोबा आहेतच, तर तीन महिने रोज एक पान मराठीत लिही आणि त्यांना तपासायला दे. तीन महिन्यांनी गेल्या वर्षीचा एक प्रश्न घेऊन वेळ लावून लिही. तेव्हा तुला आणि आजोबांना दोघांनाही कळेल. आणि घ्यायचं ठरलंच नाही, तरी तेवढं मराठी लिहायला आलेलं कुठे जात नाही. माळवा दादांनी पेपर ‘अ’बद्दल सांगितलं ते मात्र शब्दशः ऐक. माझ्या वर्गातला एक मुलगा घरच्यांच्या सांगण्यावरून भाषा निवडून तिथेच थांबला होता.

सुदामानगर_काका :

मुली, माझा मुलगा या वाटेने जाऊन आला आहे, सध्या केंद्र सरकारच्या एका खात्यात आहे. मी बापाच्या बाजूने लिहितो.

तहसीलदार साहेबांचं नोकरी न सोडण्याचं मला अर्धंच पटतं. आमच्याकडे मुलगा दीड वर्ष नोकरी आणि अभ्यास दोन्ही ओढत होता आणि दोन्हीकडे कमी पडत होता. शेवटी आम्ही सगळे एकत्र बसलो, किती पैसे साठलेत, महिन्याला किती लागतील, किती दिवस आणि त्यानंतर काय, हे वहीत लिहून काढलं. त्याने सही केली, मीही केली. त्यानंतर घरात कोणी त्याला ‘काय झालं मग?’ असं विचारलं नाही. लग्नकार्यात नातेवाईक विचारायचे, तिथे मी पुढे व्हायचो. राजीनामा दे किंवा नको देऊ, पण हे कागदावर उतरव आणि बाबांना त्यात घे. तुझे बाबा घरापासून लांब नको म्हणतात त्यामागे काळजी आहे, ती त्यांना एकदा नीट बोलू दे.

दिल्लीबद्दल माझं मत विचारशील तर नको. आम्ही खोलीभाड्यातच फार घातले. तिथे जे शिकवतात ते आता घरी बसून ऐकता येतं.

राजेंद्रनगर_इंदूर :

सगळ्यांचे मनापासून आभार. मंगळवारी जाऊन आले.

सव्वाअकराला पोचले तर रांग दारापर्यंत आली होती. एक आजोबा पेन्शनचं विचारायला आले होते, अंगठा मशीनवर उमटत नाही म्हणून पैसे अडकलेले. त्यांची बोटं मी जवळून पाहिली, रेषाच राहिल्या नाहीत. एका बाईने मुलाच्या शाळेच्या फीचा कागद आणला होता. बहुतेकांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. एक मॅडम अधिकारी होत्या, माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. त्या प्रत्येकाला आधी बसायला सांगत होत्या आणि अर्ज स्वतः वाचत होत्या. एकाला त्यांनी सरळ सांगितलं की तुमचं काम या कार्यालयात होणार नाही, आणि कुठे होईल ते पत्त्यासकट अर्जावरच लिहून दिलं. मी दीडपर्यंत उभी होते. पाय दुखले, कंटाळा आला नाही.

पेपर ‘अ’ला हिंदी पक्कं. आजोबांना काल सांगितलं. थोडा वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, रोजचं एक पान मात्र मी तपासणार. तर ते सुरू झालंय. पहिल्याच पानात त्यांनी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना लाल शाईने गोल केले, पान लालच झालं. वैकल्पिक विषयाचं तीन महिन्यांनी ठरवीन. एचआरला विचारलं, बिनपगारी रजा दोन महिन्यांपर्यंत मिळते. काका, वहीचं रविवारी करतोय.

दोन प्रश्न राहिले. आमचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, आडनावही कोकणातलं, तर महाराष्ट्र केडर, म्हणजे नेमणुकीचं राज्य म्हणून महाराष्ट्र, मिळायला त्याचा उपयोग होतो का? आणि मुलाखतीत इंदूरबद्दल काय विचारतात?

माळवा_तहसील :

गेलीस, फार बरं वाटलं. त्या मॅडमनी अर्जावर पत्ता लिहून दिला हे तू टिपलंस, ते लक्षात ठेव.

केडरला आडनावाचा आणि मूळ गावाचा काही उपयोग नाही. तुझं गृहराज्य मध्यप्रदेश. महाराष्ट्रासाठी तू बाहेरचीच धरली जाशील. बाहेरच्यांना जागा असतात, किंबहुना जास्तच असतात, पण त्या गुणक्रम, पसंतीक्रम आणि रिक्त जागांवरून ठरतात. त्यावर आत्ता वेळ घालवू नकोस.

मुलाखतीत तुझ्या अर्जावरूनच विचारतात. इंदूरची मराठी मुलगी म्हटल्यावर मराठी माणसं इथे कशी आली, हे येणारच. मल्हारराव होळकर, अहिल्याबाईंचं महेश्वर, १८१७ची महिदपूरची लढाई आणि १८१८चा मंदसौरचा तह, एवढं व्यवस्थित सांगता यायला हवं. १९५६च्या आधी मध्यभारतात इंदूर उन्हाळी आणि ग्वाल्हेर हिवाळी राजधानी होती, हेही. मला महेश्वरच्या विणकरांवर विचारलं होतं, त्यांच्या धंद्याला आज काय लागतं ते. म्हणून नुसता इतिहास पुरत नाही, एकदा तिथे जाऊन मागापाशी बस आणि सुताचा भाव विचार. स्वच्छतेत २०१७ ते २०२३ सलग पहिला नंबर आला, तर ओला-सुका कचरा घराघरातून वेगळा कसा होतो, २०२२ला दिवसाला ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेने सुरू झालेला बायो-सीएनजी प्रकल्प कसा चालतो, आणि सफाई मित्रांना म्हणजे सफाई कामगारांना त्यात काय मिळालं, हे आपल्या गल्लीत येणाऱ्या गाडीवरच्या माणसाला विचार. त्याच्याकडून जे कळेल ते कोणत्याही नोट्समध्ये नाही.

आणि यंदा अर्ज भरायचा ठरलाच तर शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नकोस. पूर्व परीक्षेची केंद्रं आधी येणाऱ्याला आधी अशी दिली जातात. इंदूर भरलं की जबलपूर किंवा ग्वाल्हेर नशिबी येतं आणि आदली रात्र प्रवासात जाते. मुख्य परीक्षेला भोपाळ घे.